जिवंत माणसासाठी दोन मिनिटं

माझ्या कपाळाजवळ आलेलं बोट मागे गेलं.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या वाचनालयाच्या दारात अध्यक्षांच्या बायको करंडा घेऊन उभ्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस होता. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू, अत्तराचा थेंब, गुलाबाचं फूल. माझी पाळी आली. काकूंच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं. त्या थांबल्या आणि ते बोट माझ्या मागच्या बाईकडे वळलं.

"तुला नको गं," त्या हळूच म्हणाल्या. "आता उगीच कशाला."

माझ्या कपाळावर टिकली होती. दिसली नसेल म्हणावं, तर काकूंचा चष्मा नवाच होता.

मी आत जाऊन बसले. काही वाटलं नाही. दात काढण्याआधी सुई टोचतात, मग गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं.

मी त्याच वाचनालयात पुस्तकांची देवघेव बघते. हरसूलजवळच्या पाड्यावरची, कोकणा आदिवासी. बी.ए. केलं. आमचे सभासद कपाट शोभावं म्हणून जाडजूड ग्रंथ घरी नेतात आणि तसेच परत आणतात. ते वाचायचं काम माझ्याकडे येतं. त्या ग्रंथांतून मला एवढं कळलंय की आमच्याकडे नवरा मेला तर बाई पाट लावून पुन्हा संसार करते, आणि ज्यांच्याकडे तिच्या कपाळाकडे येणारं बोट मागे जातं, त्यांना सुधारलेले म्हणतात.

पण माझा नवरा मेलेला नव्हताच.

काशिनाथ भात काढून झाल्यावर पाड्यातल्या माणसांबरोबर गुजरातला मासेमारीच्या बोटीवर गेला. मुकादमाची जीप येते, माणसं भरते, जाते. डोंगरातला माणूस. समुद्र पाहिला तो बोटीत चढतानाच. बोटीवर खलाशाने जाळं ओढायचं, मासळी निवडायची, बर्फात भरायची. बोट कुठे न्यायची ते तांडेल ठरवतो. एक दिवस पलीकडची गस्तीची बोट आली आणि सगळ्यांना धरून कराचीला घेऊन गेली. गुन्हा काय, तर सागरी सीमा ओलांडली.

त्यानंतर खबर नाही. मग पेठ तालुक्यातला एकजण तिथल्या तुरुंगातून सुटून आला. मी त्याच्या घरी गेले.

"हाय तो," तो म्हणाला. "बराकीत मणी ओवतो. लय बारीक झालाय. पण हाय."

त्या 'हाय'वर मी जगत होते.

व्याख्यानाचा विषय सागरी सीमा हाच होता. वक्ते निवृत्त मोठे अधिकारी, दिल्लीत ओळखी असलेले. अध्यक्षसर मला आदल्या दिवशी म्हणाले होते, "चांगली साडी नेसून ये. पुढे बस. साहेबांच्या कानावर घालतो तुझं. त्यांनी वर शब्द टाकला तर सुटेल तो." त्या शब्दासाठी मी आले होते. कुंकवासाठी नाही.

साहेबांचा परिचय व्याख्यानाहून थोडाच लहान होता. मग दिवे मंद झाले, भिंतीवर नकाशा आला. साहेबांनी लेसरचा लाल ठिपका एका खाडीवर ठेवला. आपण म्हणतो सीमा खाडीच्या मधून जाते. ते म्हणतात, आपल्या बाजूच्या काठावरून, म्हणजे अख्खी खाडी त्यांची. खाडीतच जमत नाही, म्हणून पुढे समुद्रातली रेघही ठरलेली नाही. इतक्या बैठका झाल्या, साहेब म्हणाले, पण एकमत नाही.

मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "आणि आपले हे अडाणी खलाशी बेधडक सीमा ओलांडतात. देशाला मान खाली घालावी लागते."

टाळ्या पडल्या. ज्या रेघेवर दोन सरकारांचं एकमत नाही, ती माझ्या नवऱ्याला पाण्यात दिसायला हवी होती.

मागून एका आजोबांनी विचारलं, "पापलेट त्यांच्या बाजूला जास्त मिळतं म्हणे, खरं का?" सभागृह हसलं. साहेबही हसले.

आभार मानायच्या आधी अध्यक्षसर माईकवर आले. आवाज जड केला. "आपल्या वाचनालयातल्या एका भगिनीचे यजमान याच समुद्राने आपल्यातून नेले. त्यांच्यासह अशा सर्वांना श्रद्धांजली म्हणून आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

आदल्या दिवशी 'सुटेल तो' म्हणणारे सर हेच. खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. साहेबांनी डोळे मिटले. त्यांना ते छान जमत होतं.

मी बसून राहिले.

शेजारी उभ्या असलेल्या काकू वाकल्या. "ऊठ ना गं. सगळे तुझ्यासाठीच उभे आहेत."

"माझा नवरा जिवंत आहे काकू."

"असेल गं. पण साहेबांना काय वाटेल? त्यांच्याच शब्दावर आहे ना तुझं सगळं?"

तेव्हा मला ते स्वच्छ दिसलं. हे साहेब आत्ता त्याला श्रद्धांजली वाहणार आणि उद्या त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकणार? मेलेल्या माणसाला कोण सोडवून आणतं? मी उभी राहिले असते तर मीच त्याला मारलं असतं. दोनशे लोकांसमोर, शिस्तीत.

मी बसल्या जागेवरूनच बोलले. आवाज चढला नाही. शांतताच होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

"खाली बसा. काशिनाथ मेलेला नाही. कराचीच्या तुरुंगात आहे."

कुणाला काय करावं कळेना. काही बसले. काही अर्धे वाकून राहिले. साहेबांनी डोळे उघडून घड्याळात बघितलं.

"बाई, भावना समजतात," ते म्हणाले, "पण ही वेळ नाही."

"मग कधी येऊ?"

त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी राष्ट्रगीत सुरू करायची खूण केली. राष्ट्रगीताला मी उभी राहिले. देशाशी माझं भांडण नाही. त्याच्या वतीने डोळे मिटणाऱ्यांशी आहे.

दुसऱ्या दिवशी सर टेबलापाशी आले. "होणारं काम घालवलंस. साहेब नाराज आहेत."

मी पुस्तकावर शिक्का मारला. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. वाटलं नाही.

हरसूलच्या आठवडी बाजारात मी आता एकेका बाईला शोधते. कुणाचा नवरा आत आहे, कुणाचा पोरगा. त्यांनाही कुणीतरी सांगितलंय, गप बस, मोठा माणूस शब्द टाकेल. मी सांगते, कुणाच्या शब्दाची वाट बघू नका. पुढच्या सोमवारी आम्ही नाशिकला कलेक्टर कचेरीच्या दारात बसणार आहोत, आणि माणूस परत येईपर्यंत दर सोमवारी. समुद्रातली रेघ कुठे आहे हे दोन सरकारांना ठरवता येत नसेल, तर ती ओलांडली म्हणून आमच्या माणसाला गुन्हेगार म्हणू देणार नाही. मेला म्हणू देणार नाही. आणि कुणी त्याच्यासाठी उभं राहायला लागलं, तर आधी विचारणार, कशासाठी?