मुडबीच्या गॅरेजातला फॉर्म्युला

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं एका टीव्हीपुढं मोसमभर बसली की ते आपोआप जमतात, आणि माणसं पांगल्यावर कळतं, अरेच्चा, आपल्याकडं तर पोतंभर साठलेत! आता कुठं लग्नाकार्यात, कलबुर्गीच्या बसस्टँडवर आमच्या टोळीतलं कुणी भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "ते बेल्जियमचं आठवायलंय का बे?" शेजारची माणसं चमकून बघतात. मुडबीच्या माणसाचा आणि बेल्जियमचा काय संबंध!

संबंध सांगतो. मुडबीत माझं मोटार वायंडिंगचं दुकान. शेजारी शिवअण्णांचं गॅरेज, ट्रॅक्टर-जीप दुरुस्तीचं. त्यांना एकच लेक, अश्विनी. बापाच्या हातात पाने देत देतच वाढली. कलबुर्गीला मेकॅनिकल इंजिनियरिंग केलं, पुढं शिकायला इटलीला गेली आणि तिथंच एका रेसिंग टीममध्ये मेकॅनिक म्हणून लागली. ज्युनियर फॉर्म्युला रेस. एकाच माणसानं बसायच्या, उघड्या चाकांच्या, जमिनीला पोट लावून पळणाऱ्या गाड्या. चालवणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची. आज ह्या देशात रेस, पंधरा दिवसांनी त्या देशात.

अश्विनी ज्याच्या गाडीवर होती तो नील्स, डेन्मार्कचा. सतरा वर्षांचा, पांढऱ्या भुवयांचा. टीम सगळ्यात लहान आणि गाडी सगळ्यात मागं. तरी रेस असली की शनिवार-रविवार दुपारी आम्ही गॅरेजात हजर! मी, शिवअण्णा, समोरच्या चहाच्या हॉटेलचे मौलाचाचा आणि रिटायर झालेले गुरुजी. टीव्हीला इंटरनेट जोडायचं काम माझं. कमेंट्री इंग्रजी, तिचं मराठी करायचं काम गुरुजींचं.

*

पहिली रेस. गाड्या ओळीनं उभ्या. वर पाच लाल दिवे एकेक करून लागले आणि सगळे एकदम इझले. सुटल्या गाड्या!

मौलाचाचा ताडकन उठले. "अरे हरा किधर लगा? हरा लगाच नई ना!"

"चाचा, हितं हिरवा नसतोच," गुरुजी म्हणाले. "लाल बघत थांबायचं, इझला की निघायचं. ज्याचा पाय आधी पडला, तो पुढं."

शिवअण्णा तासाला एखादं वाक्य बोलणारा माणूस. त्यांनी ते वाक्य तिथं खर्च केलं. "मग एवढ्या लांब कामून गेली? बीदरच्या सर्कलला सिग्नलपाशी उभी ऱ्हायली असती तर अशी रेस रोज बघितली असती."

नील्स त्या दिवशी शेवटून दुसरा आला. शेवटच्याची गाडी बंद पडली होती.

*

स्पेनच्या रेसमध्ये मात्र नील्सनं कमाल केली. वळणावर बाहेरच्या अंगानं जाऊन एका लाल गाडीला मागं टाकलं. आमच्यासाठी ही दिवाळीच! टीव्हीवाल्यांनाही ते आवडलं असावं, कारण त्यांनी तेच पुन्हा दाखवलं. मग वरून दाखवलं. मग नील्सच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून दाखवलं.

मौलाचाचा दर वेळी उडी मारत होते. "एक काटा! दो काटा! अरे ये तो सबकू काट रा रे!" तिथूनच त्यांनी रस्त्यापलीकडं हाक मारून बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना फुकट चहा जाहीर केला.

गुरुजींना राहवलं नाही. "चाचा, गाडी एकच होती. तेच ते परत परत दाखवायलेत."

चाचांनी क्षणभर विचार केला. चहा तर वाटून झाला होता. म्हणाले, "हौ गुरुजी, पन जिसकू काटा उसकू तो हर बार लगा होंगा ना!"

चाचा आता हैदराबादला लेकाकडं असतात. हॉटेलच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय. परवा फोनवर मी विचारलं, चाचा, रेस बघता का? म्हणाले, "अकेले में क्या मजा रे. इधर तो चाय भी मैं बैठ के पीतूं."

*

एकदा स्पीकरवर बापाशी बोलता बोलता अश्विनी म्हणाली, "ठेवते अप्पा. नील्सला हॉटेलवर सोडायचंय."

"कामून? त्याला पाय न्हाईत?"

"लांब हाय. आन त्याला रस्त्यावर गाडी चालवायचं लायसन न्हाई."

आम्ही चौघं एकमेकांकडं बघायलो. ज्याच्यासाठी आम्ही दर रेसला घसा फोडतो, त्या पोराकडं लायसन नाही!

"अठरा झाल्याबगर एकट्याला चालवायला मिळत न्हाई हिकडं," अश्विनी म्हणाली. "रेसचं लायसन येगळं असतंय."

"पोलिसां पकडे तो?" चाचांना खरीच काळजी लागली.

शिवअण्णा म्हणाले, "पकडायला आधी गाठावं लागतंय की."

गुरुजींनी चष्मा पुसला. "आपल्या नील्सला गाठणं काही अवघड न्हाई ओ अण्णा."

*

आता ते बेल्जियमचं. हा किस्सा आम्ही हसत सांगत नाही.

त्या शनिवारी नील्स पहिल्यांदाच दहावा चालला होता. चाचा तर खुर्ची सोडून खाली बसले होते. आणि एका वळणावर त्याच्या गाडीचं मागचं डावं चाक निघालं. गाडी गरागरा फिरून खडीत गेली, आणि चाक एकटंच ट्रॅकच्या कडेनं पळत राहिलं. नील्स उतरून चालू लागला तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला. पण ते पळणारं चाक टीव्हीवाले पुन्हा पुन्हा दाखवायले. या वेळी चाचांनी मोजलं नाही. शिवअण्णांनी उठून टीव्ही बंद केला.

संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. अण्णांचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर. आम्हाला उठून जावं का बसावं कळेना.

"अप्पा, ते चाक मीच बसवलंतं. नट पुरता आवळला न्हाई मी."

"पोरगं बरं हाय?"

"बरं हाय. सगळे त्यालाच बोलायलते, ट्रॅकच्या कडंवर गाडी चढवलास म्हणून चाक गेलं. मग मी टीमच्या मालकिणीकडं गेले आन सांगितलं, चूक माझी हाय."

"तिनं इचारलं म्हणून?"

"कुणीच इचारलं नव्हतं."

आम्हाला वाटलं, आता अण्णा फाडून खातात पोरीला. ढिल्या नटापायी त्यांनी घाई करणारी मोठमोठी गिऱ्हाइकं तोडली होती, चांगले कारागीर घालवले होते.

"जेवलीस का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई."

"जेव जा. उद्या दुसरी रेस हाय न्हवं?"

"हाय. पण मला आता चाकाला हात लावू देतात का न्हाई, काय म्हाईत." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेसच्या कितीतरी आधी आम्ही टीव्हीला नाक लावून बसलो. ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीला गाड्या उभ्या करतात त्या जागेवर, कॅमेरा फिरत फिरत नील्सच्या गाडीवरून गेला. मागच्या डाव्या चाकापाशी अश्विनी! हातात नट आवळायची गन, चाकावर मान घातलेली.

काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. सकाळी टीममध्ये ह्यावरच बोलणं चाललं होतं. दुसरा मेकॅनिक म्हणत होता, आज मी करतो. तेवढ्यात नील्स आला आणि म्हणाला, "मागचं डावं तिलाच बसवू द्या. आज साऱ्या ट्रॅकवर त्याच्याइतकं घट्ट चाक कुणाचं नसणार!"

*

अश्विनीची आई रत्नाक्का. त्यांचा ह्या सगळ्यालाच विरोध. "चाकंच काढायची तर इटली कशाला? हितं काय चाकं न्हाईत?" घर गॅरेजच्या मागंच, पण रेसच्या वेळी त्या फिरकायच्या नाहीत. बेल्जियमनंतर मात्र एका रविवारी चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीभजी घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

टीव्हीवर ग्रिड दिसत होती. गाड्यांवर वाकलेली माणसंच माणसं. सगळ्यांचे कपडे सारखे, डोक्यावर टोप्या, तोंडं खाली. कॅमेराही लांबचा. आम्ही अश्विनीला शोधायलो.

"ती बघा की," रत्नाक्का दारातून म्हणाल्या. "त्या तिकडच्या गाडीपशी."

"कशावरनं अक्का? तोंड तर दिसंना."

"बाकीचे सगळे गुडघा टेकून बसलेत. उकिडवं कोण बसलंय? ज्वारी काढायला मीच शिकवलंय तिला तसं."

तेवढ्यात ती मान वर करून वळली. अश्विनीच!

त्या दिवसापासून रत्नाक्का पहिल्या खुर्चीत. पण आईचं मन, काहीतरी सलत होतंच. संध्याकाळी फोनवर लेकीला म्हणाल्या, "एवढी मोठी रेस भरवत्यात, आन बसायला साधा पाट देत न्हाईत व्हय ग?"

*

मोसम मध्यावर आला तेव्हा रत्नाक्कांनी अश्विनीसाठी एक स्थळ काढलं. आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचं. मुलगा बंगळुरूला नोकरीला. त्याचे वडील मल्लिनाथ अप्पा आणि आई बोलणी करायला आले, तेही नेमके रेसच्या दिवशी! अण्णा घरात पाहुण्यांपुढं बसलेले, पण कान सगळे गॅरेजकडं.

मल्लिनाथ अप्पांनी विचारलं, "पोरगी नेमकं काय करती?"

"चाकं बसवती."

"आन?"

"परत काढती."

पाहुण्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात गॅरेजातून आमचा ओरडा. "काय चाललंय हो तिकडं?" म्हणून मल्लिनाथ अप्पा बघायला आले. उभे राहिले. मग टेकले. मग मला हळूच विचारलं, "आपला कुठला ह्यातला?"

मी पांढरी गाडी दाखवली. शेवटच्या फेरीला मल्लिनाथ अप्पा धोतराचा सोगा हातात धरून उभे होते. "दाब की रे! दाब! कामून सोडलास!" त्यांच्या बायकोनं आतून दोन-तीन हाका मारल्या. त्या त्यांना ऐकूच गेल्या नाहीत.

ते लग्न काही जमलं नाही. अश्विनी आणि तो मुलगा फोनवर बोलले. त्यानं बंगळुरूला आपली आपण मुलगी पसंत केलेली होती, आणि हिला इतक्यात लग्न करायचंच नव्हतं. दोघांनी मिळूनच घरी सांगून टाकलं. रत्नाक्का दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

पुढच्या रेसला, दुपारी, गॅरेजपुढं मोटरसायकल थांबली. मल्लिनाथ अप्पा! हातात घरच्या तूरडाळीची पिशवी. रत्नाक्का गोंधळून गेल्या. "तुमी? सोयरीक तर मोडली न्हवं?"

मल्लिनाथ अप्पा टीव्हीपुढची खुर्ची ओढत म्हणाले, "सोयरीक मोडली ओ अक्का. मोसम कुठं मोडलाय?"

*

शेवटची रेस इटलीत होती. निकाल आधीच सांगतो. नील्स तिसरा आला. साऱ्या मोसमात त्या टीमला मिळालेला तेवढा एकच कप. मौलाचाचा रडले, मल्लिनाथ अप्पांनी त्यांना मिठी मारली, रत्नाक्कांनी टीव्हीवरच्या लेकीवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. अश्विनी आता मोठ्या टीममध्ये आहे आणि नील्स वरच्या वर्गाच्या रेस चालवतो. त्या रेस आम्ही बघतो, पण ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर.

गुरुजी त्याच हिवाळ्यात गेले. शेवटच्या रेसलाही त्यांना बरं नव्हतं. मी मोटरसायकलवर मागं बसवून आणलं होतं. अंगावर शाल, आवाज बसलेला. पण भाषांतर सोडलं नव्हतं.

त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते कपाचं नाही. रेस सुटायच्या आधीचं आहे.

नील्सची गाडी पहिल्यांदाच एवढ्या पुढं, चौथ्या जागेवर उभी होती. त्यामुळं टीव्हीवाला माइक घेऊन थेट तिच्यापाशी आला होता. इंजिनं अजून सुरू झाली नव्हती. नील्स आत बसलेला, हेल्मेट घातलेला. अश्विनी वाकून त्याचे पट्टे आवळायली होती. शिवअण्णांच्या हातातलं भजं हातातच राहिलं होतं.

पट्टे झाले. तिनं त्याच्या हेल्मेटवर दोनदा थापटलं आणि कानाशी वाकून, मुडबीच्या स्टँडवर एखाद्याला बसमध्ये बसवून देताना म्हणावं तसं म्हणाली, "सावकाश जा बरं का!"

माइकमधून सगळ्या युरोपाला ऐकू गेलं. कमेंटेटर काहीतरी भराभर बोलायला लागला.

"काय म्हणायलाय तो?" रत्नाक्कांनी विचारलं.

गुरुजी शाल सावरून म्हणाले, "म्हणायलाय, की मेकॅनिकनं ड्रायव्हरला स्पीडबद्दल अगदी शेवटच्या क्षणी काहीतरी फार महत्त्वाचं सांगितलेलं दिसतंय."

आणि टीव्हीत, हेल्मेटच्या आतून नील्सचा आवाज आला, "व्हय, अक्का!"