आमच्या गल्लीत गर्दी नाहीच!

सर्व्हेच्या धंद्यात पगार बेताचा, पण किस्से मात्र पोत्यानं मिळतात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून आणखी तीन डोकं वर काढतात. यंदाचं काम तर कहरच होतं! प्रश्न साधा. नाशिकच्या जुन्या गावात, म्हणजे मेन रोड, रविवार कारंजा, भांडीबाजार या भागात, गर्दीच्या वेळी चारचाकी आणायची तर पैसे भराल का? ठरलं काहीच नव्हतं, नुसतं लोकांचं मत घ्यायचं होतं.

आमच्या कुलकर्णी सरांनी एकच नियम घालून दिला. "ज्याच्या नावावर गाडी, त्यालाच विचारा. बाकीच्यांत वेळ घालवू नका." मी या कामात मुरलेली, माझ्या जोडीची सोनाली नवीकोरी. धक्के मात्र दोघींना सारखेच बसले.

*

पहिलेच गृहस्थ गंगापूर रोडचे. रिटायर्ड, टापटीप, हातात इंग्रजी पेपर. प्रश्न ऐकला आणि खुर्चीतून उठलेच!

"उत्तम! अतिउत्तम! मुलाकडे लंडनला गेलो होतो, तिथं हेच आहे. पैसे मोजा आणि मगच आत या. काय ती शिस्त! आपल्या लोकांना कधी कळणार?"

सोनालीचा चेहरा खुलला. पहिलाच होकार! ती म्हणाली, "म्हणजे काका, मेन रोडला जाताना तुम्ही भराल ना?"

काकांचा आवाज एकदम चढला. "मी? अहो, माझा जन्म भद्रकालीतला! माझ्याच गावात शिरायला मी पैसे देऊ?"

आम्हाला पाणीही न विचारता त्यांनी दार लावून घेतलं.

*

भांडीबाजारातल्या एका गल्लीत आमचा अड्डा होता, अण्णांच्या दुकानाची पायरी. अण्णा तांब्या-पितळेच्या भांड्यांचे व्यापारी आणि या शुल्काच्या विरोधकांचे पुढारी. विरोधक असले तरी माणूस अगत्याचा. "ताई, भांडण तुमच्या सर्व्हेशी, तुमच्याशी नाही. बसा, चहा घ्या."

चहा यायचा तो थेट आभाळातून! दुकानाच्या वरच घर. वरच्या गॅलरीतून काकू, म्हणजे अण्णांच्या मिसेस, कठड्यावर चमचा वाजवायच्या आणि दोरीनं टोपली खाली सोडायच्या. टोपलीत किटली आणि पेले. पहिल्या दिवशी टोपली माझ्या डोक्याला लागता लागता राहिली. नंतर चमचा वाजला की आम्ही आपोआप सरकायला शिकलो.

गल्लीच्या तोंडाशी अण्णांची पांढरी गाडी दिवसभर उभी. काकू कधी कधी वरून ओरडायच्या, "अहो, ती गाडी जरा लांब लावा की! सायकल जाईना तिथून."

अण्णा वर न बघताच म्हणायचे, "तू चहाचं बघ."

*

त्याच पायरीवर घोटीचे एक तांदळाचे व्यापारी भेटले. तापलेलेच होते. "हायवेला टोल द्या, आता गावात शिरायलाबी द्या! लय झालं! पैसे लावले ना, तर मी गाडी घोटीलाच ठेवीन अन् एस्टीनं येईन, सांगून ठेवतो!"

मी म्हटलं, "दादा, तसं झालं तर बरंच की. तेच तर हवंय."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "म्हंजी मी धमकी दिली, अन् तुमाला तीच पायजे व्हती?"

*

मध्येच कुणीतरी आवई उठवली की देवदर्शनाला जाणाऱ्यांना सूट मिळणार. झालं! दुसऱ्या दिवसापासून मेन रोडवरची एकूण एक गाडी देवदर्शनाला निघालेली!

एका गाडीच्या टपावर भलामोठा फ्रिज आडवा बांधलेला. सोनालीनं विचारलं, "कुठे निघालात?"

"काळारामाला," त्यानं हात जोडून सांगितलं.

"आणि हा फ्रिज?"

"तोही येतोय दर्शनाला."

मला हसावं की रडावं कळेना. इतक्या सरळ चेहऱ्यानं माणूस बोलूच कसा शकतो?

*

शेवटी लोकांची मतं समोरासमोर ऐकायला शालीमारजवळच्या एका हॉलमध्ये सभा ठेवली. हॉल गच्च. फक्त कुलकर्णी सरांचा पत्ता नाही! ऑफिसपासून हॉल पायी दहा मिनिटांवर, म्हणून सर अर्थातच गाडीनं निघाले होते. मी फोन लावला.

"तुम्ही सुरू करा," सर खेकसले. "मी पार्किंग शोधतोय. काय ही गर्दी! आणि हे बघ, रिपोर्टमध्ये एक टाक, सर्व्हेच्या गाड्यांना सूट हवी."

मी कपाळाला हात लावला आणि सभा सुरू केली.

पहिले बोलायला उठले अण्णा. काय बोलले! "गर्दी, गर्दी म्हणता, कुठंय गर्दी? आमच्या गल्लीत या! आमच्या गल्लीत गर्दी नाहीच!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

दुकानातल्या माणसाचा फोन होता. चहाची टोपली खाली येता येता कठड्याला दोरी अडकून मध्येच लटकून राहिली, म्हणून तो वर धावला, तर काकू गॅलरीत कोसळलेल्या. छातीत कळ आली होती. ॲम्ब्युलन्स त्यानं आधीच बोलावली होती.

अण्णा पळत सुटले, मागे आम्ही दोघी. गल्लीच्या तोंडाशी ॲम्ब्युलन्स किंचाळत उभी होती. आत शिरायला जागा नव्हती, पांढरी गाडी आडवी. लोक त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. एकजण बॉनेटवर हात आपटून ओरडला, "कोणाची आहे ही? धरून हाणला पाहिजे त्याला!"

अण्णांनी खिशातून किल्ली काढली. बॉनेटवर आपटणारा हात मागे गेला.

गाडी हलवून तरी कुठे नेणार? पुढे ॲम्ब्युलन्स, मागे टेम्पो. शेवटी शेजाऱ्यांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची डोक्यावरून हातोहात पुढे सरकवली. अण्णा एका बाजूनं खुर्ची धरायला बघत होते, पण कुणीतरी त्यांना बाजूला केलं. मी तिथंच रडले. वर टोपली अजून दोरीला लटकत होती.

*

काकू वाचल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

चार दिवसांनी आम्ही दोघी हॉस्पिटलात भेटायला गेलो. अण्णा खिडकीपाशी उभे होते, दाढी वाढलेली. मला वाटलं, आता माणूस बदलला असेल. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "ताई, माझं मत तेच लिहा. शुल्क नको."

मी हबकलेच. सोनालीच्या हातातली फळांची पिशवी खाली पडली.

तेवढ्यात कॉटवरून काकूंचा बारीक आवाज आला. "इतके दिवस माझा चहा प्यायलात गं तुम्ही दोघी. मला एकदा तरी विचारलंत?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. खरंच विचारलं नव्हतं. मी कॉटजवळ स्टूल ओढलं आणि सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "काकू, तुमच्या नावावर चारचाकी आहे?"

काकूंनी अण्णांकडे बघितलं. अण्णा खिडकीबाहेर बघू लागले.

"आहे की," काकू म्हणाल्या. "तीच. पांढरी."