‘करू’ ऐकू आलं, ‘नकोस’ नाही

दत्ताभाऊंचा हातमोजा ब्लोअरने ओढून नेला होता. हात थोडक्यात वाचला. साहेब पॅनलजवळ विनयवर ओरडत होते, “पीछे आदमी था और तुमने स्विच दबा दिया? चार्जशीट बनेगी!”

झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तेव्हा मी सेफ्टी बघत होते. ब्लोअर म्हणजे पेंट शॉपमधली रंगाची वाफ बाहेर फेकणारा मोठा पंखा. त्याचा बेल्ट बदलायला फिटर दत्ताभाऊ भिंतीमागे गेले होते. ते भुसावळहून बदलून आलेले. स्विचवरचा विनय झाशीतल्याच जुन्या मराठी घरातला, अजून प्रोबेशनवर. चार्जशीट म्हणजे त्याची नोकरीच गेली असती.

“मी ओरडून सांगितलं होतं, मॅडम,” दत्ताभाऊ म्हणाले.

“भैया, तुम्हीच तर चालू करू म्हणालात!” विनय रडकुंडीला आला होता.

दोघंही खरं बोलताहेत असं मला वाटलं. मी विचारलं, “दत्ताभाऊ, नेमकं काय म्हणालात?”

“विनय, आता चालू करू नकोस.”

मी पॅनलचे फ्यूज काढले, दत्ताभाऊंना पुन्हा मागे पाठवलं आणि तेच ओरडायला सांगितलं. शेजारी रिव्हेटिंगची ठोकाठोक चालू होती. “विनय, आता चालू करू...” एवढं आलं, शेवटी आवाज उतरला आणि पुढचं हातोड्याने खाल्लं. पुन्हा ओरडायला लावलं, पुन्हा तेच. ‘चला, चालू करू’ असंच मलाही वाटलं.

“ये ‘नकोस’ क्या चीज़ है?” साहेबांचा राग उतरून कुतूहल जागं झालं होतं.

मी त्यांना हिंदीत समजावलं. हे मनाई करणारं क्रियापद. एकाला ‘नकोस’, अनेकांना किंवा आदराने ‘नका’, पाटीवर ‘नये’. ते बहुतेक वेळा शेवटी येतं. तेच गळलं, तर उरलेल्या ‘करू’चा अर्थ ‘करू या’.

“तो पहले बोलो ना!”

“बोलतो की, साहेब. ‘नको करूस’ असंही म्हणतो आम्ही,” दत्ताभाऊ म्हणाले.

मी चमकले. ‘नको’ आधी आलं की त्याचा ‘स’ ‘करू’ला जाऊन चिकटतो! जन्मभर बोलत आले, पण कधी लक्षात आलं नव्हतं. तसंही ओरडून पाहिलं. ‘नको’ स्वच्छ ऐकू आलं.

“बस, यही रूल बना दो,” साहेब खूश झाले.

“नाही सर. घाबरलेला माणूस शब्दांचा क्रम बघत नाही. आणि उद्या तिथे बुंदेली बोलणारा असेल.”

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की विनयने मागे जाऊन बघायला हवं होतं, पण शॉपमध्ये तसा नियमच नव्हता. चार्जशीट टळली, वॉर्निंगवर भागलं. नियम झाला तो असा: मशीनमागे जाणाऱ्याने आधी फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे.

मग मागून कुणी ‘नको’ आधी म्हणो, शेवटी म्हणो किंवा मुळीच न म्हणो, पंखा फिरत नाही.