खुशालने लावलेली छत्री

माझा धाकटा भाऊ खुशाल चामोर्शीत डिशवाला म्हणून ओळखला जातो. आयटीआय झाल्यावर त्याने बाजारचौकात टपरीएवढं दुकान टाकलं, त्याला आता बारा वर्षं झाली. आसपासच्या गावांत घरांवर ज्या छत्र्या दिसतात त्यातल्या निम्म्या ह्याच्या हातच्या. मोटरसायकलच्या मागे छत्री बांधून हा निघाला की लोक वाटेत अडवतात. "खुशालभाऊ, चॅनेल उडाले." हा गाडीवरूनच विचारतो, "पट्टी न पाहताच स्कॅन केलं ना?" समोरचा मान खाली घालतो, आणि ह्याचं भाषण सुरू होतं. आधी सिग्नलची पट्टी पाहायची. पट्टी लाल असेल तर स्कॅन करायचं नाही, नाहीतर सेट-टॉप डब्यात होते नव्हते ते सगळे चॅनेल पुसले जातात. हे त्याने हजार लोकांना सांगितलं असेल. लोक त्याला मानतात आणि मानलं की त्याला चढतं. मी मोठी बहीण आहे म्हणून हे बोलू शकते.

आमची माय बायनाबाई तिथून वीस किलोमीटरवर गावी एकटी राहते. छप्पन साली चांद्याला धम्मदीक्षा झाली तेव्हा ती चार वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. त्यातलं खरंच आठवणारं किती आणि नंतर ऐकलेलं किती, हे तिलाही सांगता येत नाही. पण लग्नानंतर दसऱ्याची दीक्षाभूमी तिने कधी चुकवली नाही. मी पोटात असताना गेली, खुशाल तान्हा असताना त्याला घेऊन गेली. पहाटे गावातून टेंपो निघतो, सोबत दोन दिवसांच्या भाकरी, आणि नागपूरला त्या गर्दीत जमिनीवर पथारी. दोन वर्षांपूर्वी ती सुजलेले गुडघे घेऊन परतली आणि आम्ही भावंडांनी फोनवर ठरवून टाकलं, आता पुरे. तिला कोणी विचारलं नाही.

मी एटापल्लीला नर्स आहे. दीक्षाभूमीचा कार्यक्रम तिला घरीच पाहता यावा म्हणून टीव्ही मी घेतला. छत्री आणि डबा खुशालने आणला आणि मार्चमधल्या एका रविवारी घरावर चढून बसवला. माय अंगणातून पाहत होती.

"अरे, मोहाच्या आड काऊन लावून राह्यला?"

"माय, हे मीटरचं काम हाय. त्यात तुले समजत नाई."

त्याच्या हातातल्या सिग्नलच्या मीटरने टूं केलं, चित्र आलं. मार्चमध्ये मोहाला पान नसतं, फक्त फुलं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बारा वर्षं छत्र्या लावणाऱ्या माणसाला मात्र त्या दिवशी आठवलं नाही, आणि खाली उभ्या असलेल्या मलाही नाही. मीही तेव्हा म्हणाले, "माय, तिथं तुला मंच तरी दिसतो का? इथं जवळून दिसेल."

मेअखेर चित्र फुटायला लागलं. मायने फोन केला. खुशाल म्हणाला, केबल हलली असेल. जुलैत म्हणाला, पावसाचं आहे. दर वेळी "रविवारी येतो" म्हणायचा, आणि दर रविवारी दुसऱ्याच कोणाच्या घरावर चढलेला असायचा. सप्टेंबरात त्याने वैतागून फोनवरच स्कॅन करायला सांगितलं, "मेनू दाब, तीनदा खाली ये, ओके दाब." मायला अक्षरओळख नाही. तिने बोटांवर मोजून बटणं दाबली. पट्टी लाल होती, तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं. सगळे चॅनेल पुसले गेले. मग म्हणाला, दसऱ्याला सकाळीच येऊन करून देतो. हजार लोकांना दिलेलं ज्ञान मायच्या वाट्याला आलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

गेल्या दसऱ्याला मी सुटी काढून दुपारी घरी पोचले. माय पांढरं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर "सिग्नल नाही". कार्यक्रम सहाला सुरू होणार होता. गावात फोनवर बोलणं होतं, चित्र येत नाही. आमच्या वस्तीत ज्यांच्या घरी टीव्ही आहे ते सगळे टेंपोने गेलेले, दारांना कुलपं. मी खुशालला फोन लावला. तो एका पुढाऱ्याच्या घरी होता; तिथे पाहुणे जमले होते आणि त्यांचा मोठा टीव्ही बंद पडला होता. "निघूनच राह्यलो बाई," म्हणाला. पाचदा तेच म्हणाला.

आला तेव्हा सव्वासहा झाले होते. वर चढला, मीटर लावलं, मीटर गप्प. मग त्याने मान वर केली. समोर अख्खा मोह पानांनी भरून उभा होता. तो खाली उतरला आणि त्याने सांदीतली कुऱ्हाड उचलली.

"ठेव ते," माय बसल्या जागेवरून म्हणाली. "मंगलीचं झाड हाय."

मंगली आमची शेजारीण, गोंड. त्या मोहाची फुलं तिच्या सासूच्या आधीपासून तिच्याच घरचे वेचतात. आमच्याकडे मोहावर कुऱ्हाड घालत नाहीत, दुसऱ्याच्या मोहावर तर नाहीच. खुशालने कुऱ्हाड ठेवली. मग छत्रीचे नट काढले आणि ती परसाकडच्या टोकाला नेली. मी खालून टॉर्च धरला. पट्टी हिरवी होऊन नव्याने स्कॅन होईपर्यंत आठ वाजले.

"माय, आलं पाय," तो वरून ओरडला. त्याच्या आवाजात आनंद होता, आणि तो ऐकून मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती. कार्यक्रम संपला होता.

खुशाल खाली येऊन मायजवळ बसला. "पुढच्या साली पक्कं, माय. आता छत्री बराबर बसली."

मायने रिमोट त्याच्या हातात दिला. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"सकाळी टेंपो दारात थांबला होता," ती म्हणाली. "रुखमाबाईनं जागा धरून ठेवली होती. दोनदा हारन वाजवला. म्या म्हणलं, जा तुमी. माह्या घरी दिसते, माहा पोरगा डिशवाला हाय."