शेवंतीकाकीची पुडी

आमच्या शेजारच्या शेवंतीकाकीच्या हाती कागद पडला की त्याची पुडी झालीच म्हणून समजा. गुरवाघरची सून ती; देवळातला अंगारा बांधून बांधून बोटांना तेवढंच कळतं. तिकोनी घडी, शेपूट आत खोचलेलं. एसटीचं तिकीटसुद्धा कंडक्टरला सोडवून बघावं लागतं. मी म्हणायचो, "काकी, तुका मोबाईल दिलो तरी पुडी बांधशीत!"

"आधी तुझां तोंड बांधतंय, थांब!"

यंदा काजू सोसायटीच्या निवडणुकीत तिचा मुलगा सर्वेश उभा राहिला, सोसायटीचं गोदाम राखू म्हणणाऱ्या जितेंद्रच्या विरुद्ध. जिंकलो तर गोदाम रिसॉर्टवाल्याला देणार, हे सर्वेशने लपवलं नव्हतं. "मगे बायांनी काजी खंय ठेवच्यो? तुझ्या डोक्यार?" काकीने एकदाच विचारलं. पुढे घरात तो विषय नाही.

मतदान कागदी चिठ्ठीवर. अधिकाऱ्याने बजावलं होतं, आधी उभी घडी घाला, मग आडवी. म्हणजे शिक्क्याची ओली शाई दुसऱ्याच्या नावावर उमटत नाही. काकीने मान डोलावली.

मोजणीला सर्वेशच्या बाजूने मी बसलो, तोही शेजारीच. पेटी ओतली आणि ढिगावर ती दिसली. तिकोनी. शेपूट आत.

"सर्वेशा, अंगारो इलो रे!" मी ओरडलो. खोली हसली, सर्वेशही हसला.

पुडी सोडवली तर शिक्का दोघांच्याही नावांवर. "बाद करा," कुणीतरी म्हणालं.

"बाद कशाला? नीट तपासा, साहेब," सर्वेश म्हणाला.

साहेबांनी चिठ्ठी सगळ्यांसमोर उजेडात धरली. "ही शिक्क्याची बाणफुली. हिची टोकं एकाच अंगाला वळतात. घडीमुळे उमटलेली असेल तर ती उलटी दिसते. बघा." सर्वेशच्या नावावरची उलटी होती.

"जितेंद्र, एक."

मग कुणी हसलं नाही.

सर्वेश चांगल्या मतांनी जिंकला. फटाके वाजले. काकीने दारात ओवाळलं तेव्हा तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

संध्याकाळी ती कुंपणाशी आली. "रे, माझी चिठी कोणी वळाखल्यान?"

"एवढ्या ढिगात काय कळता गो?"

"खोटां बोलतंस तेव्हा तू हसणस नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

सकाळी तिने नेहमीसारखा अंगारा आणला. सर्वेशने तळहात पुढे केला. "पुडी नको. असोच घाल."

तो गेला. काकी रिकामा कागद अधिकाऱ्याने सांगितलं होतं तसा उभा दुमडून बघत राहिली. बोटं ऐकेनात.