पैठणीतला फोटो

बायको गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. पोरानं बारामतीच्या एका स्टुडिओत लग्नाच्या घोळक्यातला फोटो दिला. स्टुडिओवाल्यानं त्यातून तिचं तोंड कापलं आणि पैठणी नेसलेल्या तयार धडावर बसवलं. तिनं जन्मात पैठणी नेसली नाही. त्या फोटोला हार घालताना माझं डोकंच फिरायचं.

म्हणून इंदापुरातून चित्रकलेच्या वह्या आणि पेन्सिली आणल्या. शाळेतसुद्धा मी कधी माणूस काढला नव्हता. शेळगावच्या घरी ओट्यावर बसून तिला काढायला लागलो. नाक जमेना. एक डोळा वर, एक खाली. खोडून खोडून कागद फाटायचा.

एकदा सून वाकून बघत म्हणाली, "आबा, ह्या कोण हायत?"

मी वही मिटली. तिचं काय चुकलं? तिची सासू त्यात नव्हतीच. तरी मी हट्टानं रोज काढत राहिलो, आणि तिथंच घात झाला.

आधी डोळे मिटले की ती दिसायची, दुधाची किटली घेऊन गोठ्यातनं येणारी, तोंडातल्या तोंडात मला शिव्या घालणारी. आता डोळे मिटले की मी काढलेली ती वाकड्या नाकाची बाई समोर येते. वह्या बंबात घालून जाळल्या, तरी ती जात नाही.

आता बायकोचं तोंड आठवायचं म्हटलं, की मला पैठणीतल्या त्या फोटोपुढंच जाऊन उभं राहावं लागतं.