कावळे हाकलायचा आवाज

मे महिन्यातला दुसरा शनिवार. आमच्या वाचा-उपचार केंद्राला सुट्टी आहे आणि मी एकटीच चाचणीचे फोन पुसत बसले आहे. पुसायचे म्हणजे फडक्याने तर पुसायचेच, शिवाय आतली सगळी रेकॉर्डिंग काढून टाकायची आणि सोमवारी फोन पुण्याला परत पाठवायचे. बाकीचे झाले. शेवटचा उरला आहे. त्याच्या काचेला तडा आहे, कव्हरला नायलॉनची दोरी बांधलेली आहे आणि कितीही पुसला तरी सुक्या मासळीचा वास जात नाही. पहिलं रेकॉर्डिंग लावलं तर नुसती शांतता. मग माझाच आवाज, "बोल ना आत्या." पुन्हा शांतता. ती कसली आहे ते मला न बघता कळलं. आत्याने हात वर केला असणार.

डावा हात, पंजा पुढे, चौकातल्या पोलिसासारखा. "थांब. माजं मी बोलतंय."

तुम्हीही पाहिलं असेल, समोरच्याला बोलायला वेळ लागला की आपण त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. दुकानदार करतात, डॉक्टर करतात, नातेवाईक तर करतातच. आणि बहुतेक वेळा चुकीचं करतात. आत्याने दुकानात "मी" एवढं म्हटलं की दुकानदार मिठाचा पुडा काढून ठेवायचा. तिला म्हणायचं असायचं, "मी आधी आलंय, मना आधी दे."

ती जन्मापासून तशीच. जीभ आणि उजवा हात, दोन्ही तिचं ऐकत नाहीत. काही अक्षरं येतच नाहीत, काही भलतीच होऊन येतात, शब्द लांबतात आणि मध्येच अडकतात. इथे मी तिचं बोलणं सरळ लिहिते आहे, कारण मला ते आता तसंच ऐकू येतं. वय पन्नाशी ओलांडलेलं, माझ्याहून थोडंसंच जास्त. पण भावाची मुलं आत्या म्हणतात म्हणून रत्नागिरीच्या बंदरावरचा सगळा मिरकरवाडा तिला आत्याच म्हणतो. पहिल्या दिवशी मी 'तुम्ही' म्हटलं तर हात वर झाला. "मी काय तुजी सासू हाय?" तेव्हापासून तू.

बोलण्याच्या अडचणी असलेल्या माणसांवर उपचार करणं हे माझं काम. पुण्यातल्या एका गटाने अशा माणसांसाठी फोनचं ॲप बनवायला घेतलं होतं. आपण सांगितलेलं नेहमीच्या फोनला समजतं, कारण आपल्यासारखी पुष्कळ माणसं त्याने ऐकलेली असतात. आत्यासारखं बोलणारं त्याने कोणी ऐकलेलंच नसतं. म्हणून हे ॲप उलट बाजूने शिकत होतं. एकाच माणसाने एकच हुकूम पुन्हा पुन्हा बोलायचा, शब्द वाकडा असला तरी चालेल, आणि फोनने त्या माणसाचा तो वाकडेपणा पाठ करायचा. रत्नागिरीतले आवाज गोळा करून पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

आत्या आमच्याकडे आली ती हौसेने नव्हे. तिचा भाऊ बोटीवर काम करायचा. त्याच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली, विरारला तिसऱ्या मजल्यावर घर झालं, सुनेला दिवस गेले. भाऊ-वहिनींनी शिमगा आटोपला की कायमचं तिकडे जायचं ठरवलं, आणि आत्याने बरोबर यायचं हेही ठरवलं. तिला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

भाऊ वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. "मोरीत पाय घसरून पडली तर सांगेल कोणाला? हिला फोन लावता येत नाय. बोटं भलतीकडेच पडतात. माजा जीव तिकडे थाऱ्यावर राहील काय?"

आत्याचं म्हणणंही साधं होतं. बापाचं दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, अंगणात जाळ्यावर पसरलेली सुकट. दिवाळीपासून पावसापर्यंत ती सुकट वाळत घालते आणि मांडीवर काठी घेऊन राखण करते. "विरारला तिसऱ्या माळ्यावर मी काय राखू?" तिने मला विचारलं. "टीव्ही?"

शेवटी भाऊ एका गोष्टीला तयार झाला. आत्याने घरात, त्याच्यासमोर, फोनला सांगून त्याचा फोन वाजवून दाखवायचा. वाजला तर राहा, नाही तर गाठोडं बांध.

पुण्याहून एक इंजिनीअर मुलगी वाक्यं घेऊन आली. मला पाणी हवे आहे. मला औषध हवे आहे. मला बरे वाटत नाही. आत्याचा हात वर. "पाणी माज्या हाताने घेतंय मी. फोन काय तांब्या भरून आणणार हाय?"

मुलगी हसली. "बरं मावशी, मग तुम्हीच सांगा काय काय ठेवायचं ते."

"दादा. वहिनी. शेजारीण. बर्फवाला. आणि ही बाय." ही बाय म्हणजे मी.

रेकॉर्डिंगला आत्या काठाची साडी नेसून यायची. अबोलीचा गजरा, तोंडाला पावडर. आम्ही खिडक्या लावून पंखा बंद करायचो. ती ताठ बसायची, हात मांडीवर, आणि एकेका शब्दाला श्वास घेऊन म्हणायची, "कृपया. माझ्या भावाला. फोन लावा." किती तरी दिवस हे चाललं. केंद्रात तो फोन चुकेनासा झाला. पुण्याची मुलगी खुशीत परत गेली.

शिमगा झाला, पालखी देवळात परतली. पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. भाऊ आपला फोन हातात धरून दारात उभा होता. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. कुंपणाशी दोन-चार शेजारणी. आत्याचा फोन स्वयंपाकघरातल्या खिळ्याला दोरीने टांगलेला. ती घरातल्या जुन्या साडीत तिथेच, अंगण दिसेल अशी, पाय पसरून बसली होती. मान वळवून तिने फोनला सांगितलं, "ए, दादाला लाव."

"समजलं नाही. पुन्हा सांगा," फोन म्हणाला.

तिने मोठ्याने सांगितलं. फोनचं तेच उत्तर. तिसऱ्यांदा तर तिने फोनलाही हात दाखवला. "थांब. माजं मी बोलतंय."

"समजलं नाही. पुन्हा सांगा."

कोणी हसलं नाही. भावाने आपला फोन खिशात टाकला. "मी बगितलं ना गो," तो हळूच म्हणाला. "आता हट्ट करू नको."

आत्याने काठी उचलून मांडीवर घेतली. मी रेंज पाहिली, बॅटरी पाहिली. तेवढ्यात जाळ्यावर कावळे उतरले आणि आत्याने बसल्या जागेवरून अशी आरोळी ठोकली की शेजारचं कुत्रंही उठून उभं राहिलं. कावळे गेले. फोन बिघडला की काय म्हणून मी केंद्रातलं रेकॉर्डिंग लावून पाहत होते. वहिनी कान देऊन ऐकायला लागली.

"ही कोण बोलते?"

"आत्याच की."

"ही?" वहिनीने कपाळाला हात लावला. "अगो बाय, शाळेत साहेब आल्यावर कविता म्हणतात तशी बोलते ही. हा आवाज घरात कधी ऐकलाच नाय आमी. कृपया म्हणे."

आत्या ओशाळली. "रेकॉर्ड होतंय ना ते. चार लोकांत शुद्ध नको बोलायला?"

"मोरीत पडलीस की पण कृपया म्हणणार हायस?"

वहिनीने विचारलं आणि मला सगळा घोळ कळला. माईक समोर आला की आपल्यापैकी तरी कोण घरातलं बोलतं? आत्याने फोनला आपला पाहुण्यांपुढचा आवाज शिकवला होता, आणि तो आवाज या घरात राहतच नव्हता. भावाकडे मी पाडव्यापर्यंत मुदत मागितली.

"तिकिटं काढायची हायत बाई," तो म्हणाला.

"पाडव्याच्या नंतरची काढा," वहिनी म्हणाली. "बाळाला अजून वेळ हाय."

त्यानंतर केंद्र सुटलं की मी तिच्या अंगणात जाऊन बसायचे. गजरा नाही, पावडर नाही. आत्या मासळी साफ करताना बोलली, तोंडात भाताचा घास असताना बोलली, आडवी पडून बोलली, वहिनीशी भांडण झाल्यावर लगेच बोलली. भांडण काढायला वहिनी एका पायावर तयार असायची. मागे बोटींची इंजिनं, शेजारचा मिक्सर, सगळं येऊ दिलं. फोन हळूहळू शिकला. मग नवीनच त्रास. आत्या कावळ्यांवर ओरडली तरी तो भावाला फोन लावायचा. भाऊ जेट्टीवर असला की त्याच्या खिशात दिवसभर घंटा. "उचल रे, कावळ्याचा फोन आला," पोरं त्याला चिडवायची.

पुण्याच्या मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, कावळ्यांवरचं ओरडणंही रेकॉर्ड करा, म्हणजे हे तुझ्यासाठी नाही असं फोनला शिकवता येईल. मग मी तेही गोळा केलं. कावळ्यांसाठी एक, बोक्यासाठी एक, कुंपणावरून वाकून बघणाऱ्या शेजाऱ्यासाठी एक. आत्याकडे प्रत्येकाला वेगळी आरोळी होती आणि ती प्रत्येकाला बरोबर लागू पडायची.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर दुसरी परीक्षा. यावेळी वहिनीने अट वाढवली. आत्याने मोरीत खाली आडवं पडून सांगायचं.

"भुई ओली हाय," आत्या म्हणाली.

"पडताना कोरडी बघून पडणार हायस?"

आत्या नवी साडी बदलून आली आणि मोरीत आडवी झाली. मी भावाबरोबर जेट्टीवर गेले. सगळ्या बोटींना झेंडूची तोरणं होती. तो फोन तळहातावर धरून उभा राहिला. बराच वेळ काही झालं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. मग फोन वाजला.

त्याने घेतलाच नाही. नुसता वाजू दिला.

"उचला की," मी म्हटलं.

"कोण?" स्पीकर लावून तो फोनमध्ये म्हणाला.

"मी."

त्याने फोन जरा जवळ घेतला. "काय पायजे?"

"काय नाय. मना उठवायला कोणाला तरी पाठव." मग ओल्या भुईवर हातपाय घासल्याचा आवाज. "नको. माजी मी उठतंय. ठेव."

आत्याने आपला आपण लावून भावाशी बोललेला तो पहिला फोन. भावाने फोन खिशात ठेवला आणि खिशावर हात दाबून धरला. "आता ही रोज करील," तो म्हणाला. वैतागल्यासारखं म्हणाला, पण घराकडे एवढ्या भराभर निघाला की मला त्याला गाठता येईना. अंगणात आत्या ओल्या पाठीने सुकट परतत होती. तिने वर पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "आंघोळ करून घे. सर्दी होईल."

भाऊ-वहिनी विरारला गेले. आत्या राहिली. तिने स्वतःचा फोन घेतला, ॲप त्यात गेलं, आणि हा तडा गेलेला माझ्याकडे परत आला. केंद्रात ती आता येत नाही. तिचं आमच्याकडे काही काम उरलेलं नाही, हे मी समाधानानेच लिहिते आहे.

विरारला मुलगी झाली. बारशासाठी आत्या गेली आहे, येतानाचं तिकीट आधी काढून. निघण्यापूर्वी ते तिने अख्ख्या वाडीला दाखवलं. हंगामाची शेवटची सुकट शेजारीण वाळत घालते. उद्या तीही लग्नाला जाणार, म्हणून घराची किल्ली आणि राखण माझ्याकडे.

फोन पुसण्याआधी विचारलेलं बरं म्हणून मी आत्ता तिला फोन केला. बाळ कसं आहे, विचारलं.

"रडतंय झकास. माज्यावर गेलंय," ती म्हणाली. "हितं पण कावळे हायत गो. खिडकीत येतात. पण ओरडू देत नाय कोण."

"जुन्या फोनमधलं सगळं पुसू ना आत्या?"

शांतता. विरारमध्ये हात वर झाला असणार. मी थांबले.

"कृपयावालं पूस," ती म्हणाली. "कावळ्यांचं ठेव. तुज्या ओरडण्याने कावळा उडणार हाय?"

कृपयावालं पुसलं. कावळ्यांचं माझ्या फोनवर घेतलं.

आज रविवार. सकाळी मी मिरकरवाड्यात तिच्या अंगणात काठी घेऊन बसले. कावळे आले. मी ओरडले. ते माझ्याकडे बघत सुकट खात राहिले. काठी आपटली, तर दोन पावलं बाजूला सरकले. मग मी फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि आत्याची आरोळी लावली. सगळे कौलांवरून पार माडांकडे गेले. मी बंद करायला गेले तर रेकॉर्डिंग संपलेलं नव्हतं. पुढे आत्याचा साधा आवाज होता. "झालं काय गो तुजं? मग जा, चहा टाक."

मी सुकट एकदा परतली, कुलूप काढलं आणि चहा टाकायला आत गेले.